पाषाण, हिरा आणि पाणी

शहरांत काय किंवा तालुक्याच्या गांवीं काय, नवें घर उभें राहूं लागलें म्हणजे हल्लीं एक कर्कश आवाज हटकून कानीं पडतो. फरशी बसविणारा कारागीर हातांतलें यंत्र दगडावर टेकवितो, शेजारीपाजारी कानांवर हात ठेवतात, आणि पांढऱ्या धुळीचा लोट खिडकीवाटे बाहेर पडतो. पळभरांत फरशीचे दोन तुकडे झालेले असतात. तें यंत्र विजेवर चालतें हें सर्वांस ठाऊक असतें. पण फरशी कापते ती वीज नव्हे, आणि यंत्राच्या चकतीचें पोलादहि नव्हे. कापतो तो हिरा. अंगठींत मिरवणारा तोच हिरा बारीक कणांच्या रूपानें त्या चकतीच्या कडेला बसविलेला असतो. राजेरजवाड्यांच्या जामदारखान्यांतून तो गवंड्याच्या हातीं कसा आला, आपल्या विदर्भाचा या कथेशीं काय संबंध आहे, आणि घर बांधणाऱ्या गृहस्थानें त्याविषयीं काय जाणून असावें, हें आज सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम आपल्या पायांखालचा दगड पाहूं. वर्धा जिल्ह्याची बहुतेक भूमि काळ्या पाषाणाची आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून तप्त शिलारस वाहूं लागला, त्याचे थरावर थर सांचले, आणि त्यांतून दख्खनचें पठार घडलें. आपला जिल्हा त्या विस्तीर्ण पाषाणाच्या पूर्वेकडील कडेजवळ वसला आहे. कपाशीला मानवणारी काळी माती ही त्याच दगडाची झीज होय. आपल्याकडे विहीर खणणारा प्रथम माती काढतो, मग मुरूम काढतो, आणि मग कपाळाला हात लावून काळ्या पाषाणापुढें उभा राहतो. १८६२ सालीं नागपुरापासून हा जिल्हा वेगळा झाला, आणि १८६६ सालीं पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं वर्धा शहराची आंखणी झाली. तेव्हांपासून पायाला, जोत्याला आणि पुलाला हाच दगड कामीं आला. आज त्याचीच गिट्टी होऊन ती काँक्रीटमध्यें जाते.

या दगडाचा स्वभाव पूर्वींच्या कारागिरांस पुरतेपणीं ठाऊक होता. वेरूळचें कैलास लेणें आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं कोरलें गेलें तें याच जातीच्या पाषाणांत. जवळचें उदाहरण हवें असेल तर धाम नदीच्या कांठचें पवनार पाहावें. विनोबाजी १९३८ सालीं तेथें राहावयास गेल्यावर जमीन खणतांना जुनीं शिल्पें वर आलीं, आणि त्यांतील भरत-राम भेटीचें शिल्प तर सर्वश्रुत आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं वाकाटकांची राजधानी प्रवरपुर म्हणजे हेंच पवनार, असें प्रतिपादन केलें आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीं येथें टाकी चालविणारे हात होते.

पण टाकी काय करते, हें नीट समजून घेतलें पाहिजे. टाकी दगड कापीत नाहीं. ती दगड फोडते. पाथरवट घाव घालतो तेव्हां टोंकाखालचा कण चुरडला जातो आणि बाजूची कपची उडते. मोठी शिळा वेगळी करावयाची असेल तर रेषेवर भोकें पाडून त्यांत पाचरी ठोकाव्या लागतात, आणि मग शिळा त्या रेषेवर दुभंगते. ही सगळी विद्या फोडण्याची आहे. लांकडाप्रमाणें करवत लावून काळा पाषाण कापावा म्हटलें तर तें होत नाहीं, कारण पोलादाचें काठिण्य आणि त्या दगडाचें काठिण्य जवळजवळ सारखेंच आहे. दोन सारख्या मल्लांची कुस्ती लागावी आणि दोघेहि दमून जावे, तसा प्रकार होतो. फ्रीड्रिख मोस या शास्त्रज्ञानें १८१२ सालीं काठिण्याची एक मोजपट्टी ठरविली. तींत संगमरवराला ३ हा अंक मिळतो, काळ्या पाषाणांतील खनिजांना ६ च्या आसपास, गारेला म्हणजे गारगोटीच्या द्रव्याला ७, कुरुंदाला ९ आणि हिऱ्याला १०. चांगलें पोलाद ६ च्या अलीकडे पलीकडेच घोटाळत राहतें. संगमरवर हा मऊ पाषाण असल्यामुळें दांते नसलेली लोखंडी पट्टी, वाळू आणि पाणी यांच्या साह्यानें तो पूर्वींहि कापतां येत असे. काळ्या पाषाणाला ती युक्ति परवडत नसे.

आतां हिऱ्याकडे वळूं, आणि त्यासाठीं फार लांब जाण्याचें कारण नाहीं. आपली वर्धा नदी पुढें वैनगंगेस मिळते आणि दोघी मिळून प्राणहिता होतात. त्या वैनगंगेच्या खोऱ्यांत, आजच्या गडचिरोली जिल्ह्यांत, आरमोरीजवळ वैरागड नांवाचें गांव व जुना किल्ला आहे. अकबराच्या दरबारांतील अबुल फजल यानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ऐन-इ-अकबरींत तेथील हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख केला आहे. त्याच्याहि पूर्वीं, अकराव्या शतकांत, चोळ राजा पहिला कुलोत्तुंग याच्या शिलालेखांत वयिरागरम् या स्थळीं हत्ती पकडल्याची नोंद आहे, आणि तें स्थळ म्हणजे हेंच वैरागड, असें इतिहासकार मानतात. त्या नांवाचा अर्थच वज्राचें आगर, म्हणजे हिऱ्याची खाण. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत हिरे सांपडण्याच्या ठिकाणांमध्यें वेणा नदीच्या कांठाची गणना केली आहे, आणि ती वेणा म्हणजे वैनगंगा असें कित्येक विद्वानांचें मत आहे. तेव्हां ज्या प्रांतांत पाथरवट काळ्या दगडाशीं झुंजत होता, त्याच प्रांताच्या एका कोपऱ्यांत त्या दगडाला सहज नमविणारें द्रव्य नदीच्या रेतींत पडलें होतें.

मग पूर्वजांनीं तें वापरलें कां नाहीं? श्रोतेहो, त्यांनीं तें वापरलें. पण थोड्या प्रमाणांत आणि मोलाच्या कामीं. कालिदासानें रघुवंशाच्या आरंभीं मण्याला वज्रानें वेध पाडण्याच्या कृतीचा दृष्टांत घेतला आहे, आणि वाचकांस ती कृति ठाऊक असल्यावांचून कवि असा दृष्टांत घेणार नाहीं. नागपूरजवळच्या माहुरझरी येथें प्राचीन काळीं अकीक आदि दगडांचे मणी होत असत. गुजरातेंत खंबायत येथें तर अकीकाच्या मण्यांस वेध पाडण्यासाठीं टोंकाला हिऱ्याच्या दोन बारीक कणी बसविलेली सळई वापरण्याची परंपरा आजवर चालत आली आहे. कमानीनें ती सळई फिरवावी, वरून थेंब थेंब पाणी सोडावें, आणि हां हां म्हणतां मण्याच्या आरपार वेध पडावा, अशी ती रीत. थेंब थेंब पाणी सोडण्याची गोष्ट ध्यानांत ठेवा. पुढें तिच्याकडे परत यावयाचें आहे.

येथें एका लोकप्रिय समजुतीचा उलगडा करणें अवश्य आहे. खरा हिरा ऐरणीवर घणाचे घाव सोसतो, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तें खरें नाहीं. काठिण्य आणि चिवटपणा हे दोन निराळे गुण आहेत. दुसऱ्या पदार्थावर ओरखडा काढण्याची शक्ति तें काठिण्य, आणि आघात सोसण्याची शक्ति तो चिवटपणा. लोखंडाला ओरखडा निघतो, पण घणानें त्याचे तुकडे होत नाहींत. हिऱ्यावर ओरखडा निघत नाहीं, पण नेमक्या दिशेनें घाव बसला तर तो दुभंगतो. म्हणूनच हिऱ्याची टाकी करतां येत नाहीं. त्याला घांसण्याचें काम द्यावें लागतें, ठोकण्याचें नव्हे. आणि घांसावयाचें तर त्याचे अगणित बारीक कण कशांत तरी घट्ट धरून ठेवले पाहिजेत.

ही धरून ठेवण्याची युक्तिहि आपल्या कारागिरांस अपरिचित नव्हती. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्या शिकलगाराचें आणि रत्नांना पैलू पाडणाऱ्याचें जुनें चाक कशाचें असे? कुरुंदाची भुकटी लाखेंत कालवून तें चाक घडवीत. कुरुंदाचे कण काम करीत, आणि लाख त्यांस धरून ठेवीत असे. वरचे कण झिजून बोथट झाले कीं लाख थोडी झिजे, बोथट कण गळून पडत, आणि खालचे तीक्ष्ण कण उघडे होत. इंग्रजींतील कोरंडम हा शब्दसुद्धां आपल्या कुरुविंद शब्दाच्या वंशांतला आहे. आज गवंड्याच्या हातीं असलेली हिऱ्याची चकती म्हणजे तत्त्वतः शिकलगाराचेंच चाक. कुरुंदाच्या जागीं हिरा आला आणि लाखेच्या जागीं धातु आला, एवढाच फरक.

हा फरक घडून येण्यास मात्र शंभर वर्षें लागलीं. हिरा म्हणजे कोळशाच्याच द्रव्याचा एक अवतार, हें इंग्लंडांत स्मिथसन टेनंट यानें १७९७ सालीं हिरा जाळून सिद्ध केलें. १८६२ च्या सुमारास लेशो नांवाच्या स्विस पितापुत्रांनीं पोकळ नळीच्या तोंडाशीं हिरे बसवून खडकांत भोकें पाडण्याचें यंत्र योजिलें, आणि त्यासाठीं ब्राझीलमध्यें सांपडणारे काळसर, दागिन्यांस निरुपयोगी असे हिरे कामीं आणले गेले. १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्यें पोलादी चकतीच्या कडेला हिरे जडवून दगड कापणारी पहिली गोल करवत तयार झाली. पण हिरे एकेक करून हातानें जडवावे लागत, आणि त्यांची किंमत हिऱ्याचीच असे. धातूच्या चूर्णांत हिऱ्याची भुकटी मिसळून, तें मिश्रण दाबून व भट्टींत तापवून त्याचे दांते तयार करण्याची पद्धति विसाव्या शतकाच्या चौथ्या-पांचव्या दशकांत रूढ झाली, तेव्हां अर्धा प्रश्न सुटला.

उरलेला अर्धा प्रश्न किंमतीचा होता. तो १६ डिसेंबर १९५४ रोजीं सुटला. त्या दिवशीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत ट्रेसी हॉल या रसायनशास्त्रज्ञानें वातावरणाच्या सुमारें एक लाख पट दाब आणि सुमारें १,६०० अंश सेंटिग्रेड उष्णता यांच्या योगानें कोळशाच्या द्रव्याचा हिरा बनविला, आणि पुढील वर्षाच्या आरंभीं ती वार्ता जगास कळली. स्वीडनमधील आसेआ कंपनीनें १९५३ सालींच असे हिरे बनविले होते, पण त्यांनीं तें तेव्हां जाहीर केलें नाहीं. खाणींतून येणारी वस्तु कारखान्यांतून येऊं लागली, आणि आज उद्योगधंद्यांत वापरले जाणारे बहुतेक सर्व हिरे मनुष्यनिर्मित असतात. वैरागडच्या खाणीसाठीं राजे भांडले. आज तेंच द्रव्य कांहींशे रुपयांच्या चकतींत बसून हार्डवेअरच्या दुकानांत टांगलेलें असतें.

आतां या चकतीची निवड कशी करावी, याचा थोडा विचार करूं. सामान्य बुद्धीला वाटतें कीं दगड जितका कठीण, तितकें पातेंहि कठीण घ्यावें. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे, आणि शिकलगाराचें चाक ज्यास समजलें त्यास ती सहज पटेल. काळा पाषाण, ग्रॅनाइट किंवा भाजून कडक केलेली व्हिट्रिफाइड फरशी कापतांना हिऱ्याचे कण लवकर बोथट होतात. पण असा दगड कणांना धरणाऱ्या धातूला फारसा झिजवीत नाहीं. धातु जर कठीण असेल तर बोथट कण जागचे हलत नाहींत, पात्याची कड आरशासारखी गुळगुळीत होते, आणि पातें नुसतें तापतें व किंचाळतें. म्हणून कठीण दगडाला मऊ धातूचें पातें हवें, म्हणजे तो योग्य वेळीं झिजून नव्या कणांना वाट करून देईल. याउलट वालुकापाषाण, वीट, किंवा नुकतेंच घातलेलें काँक्रीट हीं मऊ असलीं तरी त्यांतील वाळूचे कण कानशीसारखें काम करतात आणि धातूला भराभर खातात. तेथें मऊ धातूचें पातें लावलें तर चांगले तीक्ष्ण हिरे काम न करतांच गळून जातील. म्हणून मऊ व खरखरीत पदार्थाला कठीण धातूचें पातें.

आपल्या जिल्ह्यांतील काँक्रीटमध्यें हा पेंच दुहेरी होतो. त्यांतील गिट्टी काळ्या पाषाणाची, म्हणजे कठीण; आणि वाळू गारेच्या कणांची, म्हणजे कानशीसारखी. जुनें, पुरतें मुरलेलें काँक्रीट कापावयाचें असेल तर मध्यम किंवा किंचित मऊ धातूचें पातें चालतें, ताजें असेल तर कठीण धातूचें. कड्याच्या आकारांतहि भेद आहे. फरशीला कपची न उडतां साफ कड हवी असेल तर अखंड कडेचें पातें घ्यावें. काँक्रीटला व जाड दगडाला मध्यें खांचा असलेलें, वेगवेगळ्या दांत्यांचें पातें घ्यावें. त्या खांचांतून चुरा बाहेर पडतो व पातें थंड राहतें. कोटा, शहाबादी आणि कडप्पा या फरशा चुनखडीच्या जातीच्या, म्हणून तुलनेनें मऊ. त्यांना साधें पातेंहि पुरतें. पातें कोणत्या पदार्थासाठीं आहे हें त्याच्या वेष्टनावर छापलेलें असतें. दुकानदारास भाव विचारण्यापूर्वीं तें वाचावें. एकच पातें सगळ्या कामांस चालेल असें जो सांगतो, तो बहुधा कोणत्याच कामास उत्तम नसलेलें पातें विकत असतो.

वापरण्याचे नियम थोडे आहेत, पण जिवाशीं गांठ घालणारे आहेत. पात्यावर मिनिटाला जास्तींत जास्त किती फेरे सोसतील तो आंकडा कोरलेला असतो. यंत्राचे फेरे त्याहून अधिक असतां कामा नयेत. हा नियम किती महत्त्वाचा आहे तें साध्या गणितानें कळेल. ११० मिलिमीटर व्यासाचें छोटें पातें मिनिटाला १२,००० वेळां फिरलें तर त्याची कड सेकंदाला सुमारें ६९ मीटर, म्हणजे ताशीं जवळजवळ २५० किलोमीटर वेगानें धांवते. आगगाडीलाहि मागें टाकणाऱ्या या वेगानें सुटलेला तुकडा काय करील हें सांगावयास नको. म्हणून यंत्रावरचें संरक्षक झांकण काढूं नये. पात्यावरील बाणाची दिशा आणि यंत्राच्या फेऱ्याची दिशा एक असावी, मधलें भोंक यंत्राच्या दांड्यावर अचूक बसावें, आणि पातें सरळ रेषेंत चालवावें, तें बाजूला वांकवूं नये. खोल कापावयाचें असेल तर दोनतीन टप्प्यांनीं कापावें. जोर करून दाबूं नये, कारण कापण्याचें काम हिऱ्याचें आहे, मनगटाचें नव्हे. पातें गुळगुळीत होऊन कापेनासें झालें तर फेकण्यापूर्वीं एखाद्या मऊ, खरखरीत विटेवर तें चारदोन वेळां चालवावें; वरचा धातु झिजतो आणि नवे हिरे डोकें वर काढतात.

आणि आतां पाण्याविषयीं. हिऱ्याला उष्णतेचें वावडें आहे, कारण अखेर तो कोळशाचाच भाऊ. फार तापला तर त्याचें तेज आणि धार दोन्ही जातात, त्याला धरणारा धातु सैल पडतो, व चकती वांकडी होते. पाण्याची धार सोडली तर पातें थंड राहतें, चुरा वाहून जातो, आणि पात्याचें आयुष्य वाढतें. कोरडें चालण्यासाठीं केलेलीं पातींहि मिळतात. पण तीं मधून मधून मोकळीं फिरवून वाऱ्यानें थंड करावीं लागतात. विजेच्या यंत्राबरोबर पाणी वापरावयाचें तर तें यंत्र त्यासाठीं बनविलेलें असावें, आणि जोडणीवर गळती होतांच वीज तोडणारी कळ बसविलेली असावी.

परंतु पाणी हें केवळ पात्यासाठीं नाहीं. श्रोतेहो, आजच्या भाषणाचें सार या एका गोष्टींत आहे. हिऱ्यानें माणसाच्या दंडाचे श्रम वाचविले. पण त्याच वेळीं त्यानें एक नवें संकट त्याच्या छातीवर आणून ठेवलें. टाकीनें कपच्या उडतात. त्या जड असतात आणि खालीं पडतात. वेगानें फिरणारें पातें मात्र दगडाचें पीठ करतें. त्या पिठांतील अत्यंत बारीक कण डोळ्यांस दिसत नाहींत, तासन्‌तास हवेंत तरंगतात, आणि श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या अगदीं तळाशीं जाऊन बसतात. ते कण गारेचे असले तर तेथें व्रण पडतात, मांस घट्ट होत जातें, आणि कांहीं वर्षांनीं चालतां बोलतां दम लागूं लागतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. झालेली हानि भरून काढणारें औषध नाहीं, आणि असा रोगी क्षयालाहि सहज बळी पडतो. १९९७ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें ही धूळ कर्करोगकारक द्रव्यांच्या यादींत घातली. आपला काळा पाषाण यांत तुलनेनें सौम्य आहे, कारण त्यांत सुटी गार फारच थोडी. पण ग्रॅनाइटमध्यें ती पाव हिश्श्याच्या आसपास किंवा अधिक असते, वालुकापाषाण तर बहुतांशीं गारेचाच, आणि काँक्रीटमध्यें वाळूच्या रूपानें ती ठासून भरलेली असते.

हें भय काल्पनिक नाहीं. १५५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत जर्मन पंडित अग्रिकोला यानें कार्पेथियन पर्वतांतील खाणींविषयीं लिहितांना, तेथें एकामागून एक सात नवरे गमावलेल्या स्त्रिया आहेत, असें नमूद केलें आहे. आपल्याकडचें उदाहरण शाळेच्या पाटीशीं निगडित आहे. पाटीवर लिहिण्याच्या दगडी पेन्सिली मध्य प्रदेशांतील मंदसोर येथें होत. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनीं त्यांनीं बाराखडी गिरविली. दगडाच्या लाद्या विजेच्या करवतीवर कोरड्या कापल्या जाऊं लागल्यावर कामगार ऐन तारुण्यांत धापा टाकूं लागले. १९८० च्या दशकांत अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनें त्यांची तपासणी केली, तेव्हां निम्म्याहून अधिक कामगारांस हा रोग जडलेला आढळला. ज्या खंबायतेच्या कारागिरीचा मघां गौरव केला, तेथें वेध पाडतांना पाणी वापरीत. पण अकीक घांसण्याचें काम विजेच्या चाकावर कोरडें होऊं लागलें, आणि तेथेंहि याच रोगानें घरें उजाड झालीं.

उलट बाजूचा दाखलाहि इतिहासांत आहे, आणि तो आशादायक आहे. अमेरिकेंतील व्हर्मांट संस्थानांत बॅरी नांवाचें गांव ग्रॅनाइटच्या कामासाठीं विख्यात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें हवेच्या दाबानें चालणारीं यंत्रें आलीं, आणि पाथरवट या रोगानें पटापट मरूं लागले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस कारखान्यांत धूळ शोषून घेणारीं साधनें बसविण्यांत आलीं. त्यानंतर कामास लागलेल्या पिढींत हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. दगड तोच राहिला, धंदा तोच राहिला, केवळ धूळ आवरली गेली. म्हणजे हें मरण अटळ नव्हतें. अलीकडचें उदाहरण ऑस्ट्रेलियाचें. स्वयंपाकघरांतील ओट्यासाठीं गारेचा चुरा व राळ यांपासून बनविलेल्या कृत्रिम शिळा कापणारे तरुण कामगार या रोगानें आजारी पडूं लागले, तेव्हां त्या राष्ट्रानें १ जुलै २०२४ पासून तशा शिळांवर बंदी घातली. तशाच शिळा क्वार्ट्झच्या नांवानें आपल्या शहरांतहि विकल्या जातात.

आपल्या देशांत १९४८ च्या कारखाने कायद्यानें सिलिकोसिसची गणना नोंद करावयाच्या रोगांत केली. पण आपल्या घरीं फरशी कापणारा कारागीर कोणत्याहि कारखान्यांत नसतो. तो आपल्या ओसरीवर बसलेला असतो. आज या गल्लींत, उद्यां त्या गल्लींत, आणि धुळीनें माखलेलें त्याचें शरीर पाहावयास निरीक्षक येत नाहीं. तेथें कायद्याची जागा गृहस्थानेंच घेतली पाहिजे. तोंडाला बांधलेला रुमाल त्या बारीक कणांना अडवीत नाहीं. त्यासाठीं चांगल्या प्रतीचा मुखपट्टा लागतो, आणि तोहि पाण्याच्या खालोखालच समजावा. घराचा करार करतांना सिमेंट कोणत्या प्रतीचें आणि फरशी कोणत्या रंगाची, हें आपण बारकाईनें लिहून घेतों. त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहावी, कीं दगड व फरशी ओली करून, पाण्याच्या धारेखालीं किंवा धूळ ओढणाऱ्या यंत्रासह कापली जाईल, आणि त्याचा जादा खर्च मालक देईल. शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत. कारागीर कोरडें कापतो तें हौसेनें नव्हे. पाणी आणावें, चिखल काढावा, वेळ मोडावा, आणि मजुरी मात्र तितकीच मिळावी, म्हणून तो कोरडें कापतो.

टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती दगडाविषयीं आहे. घाव दगडानें सोसावे हें ठीक. ते घडविणाऱ्याच्या फुफ्फुसानें सोसावे, असें त्या म्हणींत कोठेंहि सांगितलेलें नाहीं. गोपुरीला गीताई मंदिर आहे. १९८० सालीं तें खुलें झालें. त्याला छत नाहीं, त्यांत मूर्ति नाहीं, केवळ उभ्या शिलांवर गीताईचे अठरा अध्याय कोरलेले आहेत. तेथें जाणारा मनुष्य अक्षरें वाचतो, आणि तें योग्यच आहे. पण शिळेवरील प्रत्येक अक्षराच्या मागें कोणाचा तरी हात व कोणाचा तरी श्वास असतो, हेंहि वाचावयास शिकलें पाहिजे. वैरागडच्या रेतींतून निघालेला हिरा हजार वर्षांच्या प्रवासानंतर आपल्या दारीं आला आहे. त्याच्याबरोबर घागरभर पाणी ठेवणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.